टाकी बरी हाय ना?

"गौतम मिस्त्रीचा काम हाय, दुसरा काय!"

खिडकीखालून पप्पांचा आवाज आला आणि त्यामागोमाग त्यांचं हसणं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते संपायच्या आधीच मला पुढचं हसणं ऐकू येतं. मी वरच्या खोलीत होते. रविवार होता, उन्हं अजून अंगणात नीट उतरायची होती. खाली रिकाम्या स्विमिंग पूलमध्ये भिवंडीहून आलेले सलीमभाई अनवाणी उभे होते, आणि काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पप्पा त्यांना पूलचा इतिहास सांगत होते. भिंतींवरचं पांढरं प्लास्टर जागोजागी सुटलं होतं. जिथून निसटलं होतं तिथे खालचं राखाडी सिमेंट दिसत होतं, गुडघा खरचटल्यावर खपली निघालेली जागा दिसते तसं.

आमच्या घरात 'गौतम मिस्त्रीचं काम' ही म्हण झाली आहे. पापड तळताना फुटला की गौतम मिस्त्रीचा पापड. चपलेचा अंगठा तुटला की गौतम मिस्त्रीची चप्पल. काकांच्या साखरपुड्यात स्टेजची फळी खचली, तेव्हा नवऱ्या मुलीकडच्यांनाही ही म्हण समजावून सांगण्यात आली, आणि तेही हसले. आता ती पार कोन गावापर्यंत पोचली आहे. मी सोडून सगळे हसतात. मी हसत नाही याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण मी तशीही फारशी हसत नाही.

सलीमभाईंनी हातोडीच्या दांड्याने भिंतीवर टकटक करायला सुरुवात केली. टक्. टक्. टक्. मग एकदम भद.

"ये देखो सेठ, यहाँ बोल रहा है."

मी लॅपटॉप बंद केला. भिंत 'बोलते' हे मी अकरा वर्षांनी ऐकत होते, आणि तेही दुसऱ्या भाषेतून.

पूल जिथे आहे तिथे पूर्वी आमचं खळं होतं. शेतावर गोदामं उभी राहिली, भात झोडायचं थांबलं आणि मधली ही सारवलेली जागा तशीच पडून राहिली. पप्पा लहान असताना माझ्या आजोबांबरोबर गणेशपुरीला जायचे. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं, अंग लाल होईपर्यंत बसायचं आणि मग एसटीत झोपून घरी यायचं, एवढंच त्यांना बालपणातलं श्रीमंतीचं आठवतं. बंगला झाल्यावर त्यांनी ठरवलं की खळ्यावर आपलं स्वतःचं कुंड करायचं. टाइल लावा असं सगळ्यांनी सांगितलं. पप्पा म्हणाले, "टाइल बाथरूमला असते. मना कुंडासारका पायजे, एकसंध." म्हणून मग पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि वळ गावचे गौतम मिस्त्री.

मी तेव्हा आठवीत होते. कल्याणच्या इंग्रजी शाळेत जात होते आणि परीक्षा चालू होती. आमच्या घरात एप्रिलमध्ये फक्त माझ्या खोलीतला पंखा सुरू असायचा, बाकीचे सगळे ओसरीवर. पण मला अभ्यास खोलीत व्हायचा नाही. पुस्तक घेऊन मी पूलच्या काठावर, ताडपत्रीच्या सावलीत बसायचे. अजूनही भूगोल म्हटलं की मला ओल्या सिमेंटचा वास येतो. ओल्या गोणपाटाचा, भिजलेल्या भुकटीचा, मागच्या अंगणात वाळत घातलेल्या सुकटीचा, असा मिळून एक वास. पलीकडे कंटेनर मागे घेताना वाजणारी एकसुरी शिट्टी. आणि त्या सगळ्याच्या खाली, भिंतीवरून फिरणाऱ्या थापीचा सरसर आवाज.

गौतम मिस्त्री कमी बोलायचे, म्हणून मला आवडायचे. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भुवया आणि पापण्या भुकटीने पांढऱ्या व्हायच्या. डोळे तेवढे काळे राहायचे. जयंतीला त्यांनी काम बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा कानामागे थोडा निळा गुलाल राहिला होता, आणि दुपारपर्यंत त्यावरही पांढरी भुकटी बसली. मम्मीने चहा दिला की ते कप पाण्याच्या ड्रमवर ठेवून विसरायचे. मग मम्मी म्हणायची, "मिस्त्री, च्या का भिंतीला पाजायचा हाय?" ते हसून थंड चहा एका घोटात संपवायचे.

काम झाल्यावर चार दिवसांनी ते पुन्हा आले. सगळ्या भिंतींवर थापीच्या मुठीने टकटक करत फिरले. वीतभर जागासुद्धा सोडली नाही. मी बघते आहे हे पाहून त्यांनी मला खाली बोलावलं. "कान लाव." मी कान लावला. गार, ओलसर भिंत. टक्. "इथं घट्ट हाय. घट्ट असतं ते गप असतं." मग काठावरच्या जुन्या, तडकलेल्या कुंडीवर मूठ आपटली. भद. "हे बघ, बोलतंय. आतून सुटलं की बोलाय लागतं."

घट्ट असतं ते गप असतं. चौदा वर्षांच्या गप्प मुलीला हे वाक्य मिळाल्यावर ती दुसरं काय करणार? मला शाळेत 'स्पीक अप' एवढंच सगळे सांगायचे. प्रगतिपुस्तकात दर वर्षी तोच शेरा. घरी पाहुणे विचारायचे, "पोरीला जीभ हाय का न्हाय?" पहिल्यांदाच कुणीतरी गप्प असण्याला चांगलं म्हटलं होतं. ते भिंतीबद्दल बोलत होते, हे मी सोयीने विसरले.

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी काही सांगितलं. पप्पा बाहेर गेले होते, मम्मी लग्नाला. ते म्हणाले, "बाय, तू लिहिणारी हायस. लिहून घे आणि घरात सांग. उन्हाळ्यात टाकी रिकामी ठेवायची न्हाय, ऊन लागलं की तडकंल. घासायची तर नुसत्या ब्रशानं. आणि ॲसिड बिलकूल न्हाय. ह्यात संगमरवर हाय, ॲसिड त्याला खाऊन टाकतं." मी भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं: taki rikami nahi. fakt brush. acid bilkul nahi. त्यांनी वाकून पाहिलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मान डोलावली. माझ्या वहीवर त्यांचा विश्वास बसला होता.

घरात मी सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे. सांगायचं तर आधी जेवताना सगळ्यांचं बोलणं थांबवावं लागतं, सगळ्यांनी माझ्याकडे बघावं लागतं. मी उद्यावर टाकत गेले. मग भूगोलाचा पेपर झाला आणि वही माळ्यावर गेली.

त्यानंतरचे दिवस मला आमच्या घराचे सगळ्यात सुखाचे दिवस वाटतात. पाणी भरायला दोन दिवस लागले. दर तासाला कुणीतरी जाऊन कुठवर आलं ते बघून यायचं. पप्पा पहिल्यांदा उतरले ते बनियन घालूनच, आणि छातीभर पाण्यात डोळे मिटून इतका वेळ उभे राहिले की मम्मी म्हणाली, "झोपलात का काय?" काकांनी कलिंगडं पाण्यात सोडली, गार होतील म्हणून, ती तरंगत एका कोपऱ्यात जमायची. ताडगोळे सोलून काठावर बसायचं, पाय पाण्यात, बोटांतून रस थेट पूलमध्ये. मम्मी पाण्यात कधीच उतरली नाही. संध्याकाळी साडी घोट्यापर्यंत वर धरून पायरीवर बसायची आणि धवल्यातलं एखादं गाणं गुणगुणायची, लग्नघर असल्यासारखी. पाण्याखालची ती पांढरी भिंत इतकी गुळगुळीत होती की मी तिच्यावरून तळहात फिरवत पूलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, पुन्हा यायचे.

सगळे तिला टाकी म्हणायचे. "टाकीवर हाय", "टाकीत पडशील". मी मात्र पूल म्हणायचे. तेव्हा मी घरात शाळेतल्या मराठीच्या बाईंसारखं बोलायला लागले होते. सगळे 'पानी' म्हणत आणि मी एकटी 'पाणी'. सगळे 'न्हाय' आणि मी 'नाही'. मे महिन्याच्या शेवटी शाळेतल्या चार मैत्रिणी पोहायला येणार होत्या. मी मम्मीला बजावलं, "त्यांच्यासमोर टाकी म्हणू नकोस. पूल म्हण."

"पूल?" काका म्हणाले. "खाडीवरचा?"

सगळे हसले. मम्मी हसली नाही. तिने दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. पूल. पूल.

मैत्रिणी यायच्या तीन दिवस आधी पाणी हिरवं पडलं. मोटर बिघडली होती, दुरुस्त करणारा येत नव्हता. भिंतींवर शेवाळाचा बुळबुळीत थर धरला. मी म्हणाले, "शी! काय म्हणतील त्या?" बस, एवढंच. एरवी न बोलणारी मुलगी एवढं बोलली की घर हलतं. दुसऱ्या सकाळी मम्मीने भाड्याचा पंप आणून सगळं पाणी केळींना सोडलं. मग साडीचा काष्टा घातला, खराटा घेतला आणि फरशी धुवायच्या ॲसिडची कॅन उघडली. दिवाळीला ती बाथरूम त्यानेच धुते, बाथरूम चकाकतं.

मी काठावर उभी होते. भिंतीवर ॲसिड पडलं की फस्स करून फेस यायचा, सोड्याची बाटली उघडल्यासारखा, आणि शेवाळ पळून जायचं. खाली पुन्हा पांढरं शुभ्र. मम्मीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, खोकत होती, पण मान वर करून म्हणाली, "बघ बाय, झाला का न्हाय तुजा पूल साफ?"

तेव्हा मला वहीचं शेवटचं पान दिसत होतं. अक्षरन् अक्षर. आणि मी म्हणाले, "तिकडे कोपऱ्यात राहिलंय."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विसरले असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही. मला आठवत होतं. पण मैत्रिणी येणार होत्या.

दोन दिवस रिकामी टाकी उन्हात वाळली. पाणी भरलं, मैत्रिणी आल्या. मम्मी ट्रे घेऊन आली आणि जपून, प्रत्येक शब्द तोलून म्हणाली, "पूलमदी उतरा ना." त्या उतरल्या. थोड्या वेळाने एकीने पाय वर घेतला. "इट्स लाइक सँडपेपर, यार." अंगठे लाल झाले होते, एकीचा गुडघा सोलवटला होता. मी पाण्याखाली भिंतीवर हात फिरवला. ती मांजराच्या जिभेसारखी लागली. आठवड्याभरात पांढरे पोपडे सुटून पाण्यावर तरंगायला लागले, तांदळाच्या फेण्यांसारखे.

पप्पांनी गौतम मिस्त्रींना बोलावलं. मिरगाच्या आधीचे दिवस, उकाडा, आणि अंगणात चारचौघं. "सिमेंट खाल्लंस," पप्पा म्हणाले. "आमचेच घरान येऊन सिमेंट खाल्लंस." मिस्त्री पूलमध्ये उतरले, पाणी गुडघ्यापर्यंतच ठेवलं होतं. भिंतीवरून हात फिरवला. अंगठ्याच्या नखाने खरवडलं, बोटं नाकाशी नेली. मग त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मास्तर उत्तर येत असलेल्या मुलाकडे बघतात तसं, वाट बघत.

माझ्या हातात ताडगोळा होता. मी तो सोलत राहिले.

"माल बरोबर होता, शेठ," एवढंच ते म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीवर ढकलायचं नाही असं ठरवलं असेल, की आपल्यावर कोण विश्वास ठेवणार असं वाटलं असेल, मला माहीत नाही. त्यांनी पँटच्या घड्या सोडल्या, ओल्या पायांत चपला घातल्या आणि गेले. चपलांचे ओले ठसे फाटकापर्यंत होते. उन्हात लगेच वाळले. त्या संध्याकाळी चहाचा कप फुटला आणि काका म्हणाले, "गौतम मिस्त्रीचा कप!" म्हणीचा जन्म मी पाहिला आहे.

पुढे दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी येऊन ठिगळं लावून गेलं. ठिगळं टिकली नाहीत. आता मी वळमध्येच एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. पहिल्या दिवशी स्कूटर गेटवर थांबवली तर रजिस्टर पुढे करणारा हात मी ओळखला. बोटांच्या पेरांत अजून सिमेंटचे काळे चरे होते. निळा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, भुवया आता खऱ्याच पांढऱ्या. "गुडघं गेलं, बाय," ते आपणहून म्हणाले. "उकिडवं बसवत न्हाय." खरंही असेल. पण गावात आमच्या घरानंतर त्यांना नव्या बंगल्याचं काम कुणी दिलं नाही, हेही मला माहीत आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ती म्हण घेऊन परत जात होता.

रोज ते गेटचा दांडा वर करतात, मी मान हलवते. आणि वर्षातून एकदा, उन्हाळा तापला की, ते हळूच विचारतात, "टाकी बरी हाय ना?"

"हो, बरी आहे," मी म्हणते. तीन उन्हाळे म्हणते आहे. परवा मी चौथ्यांदा तेच म्हणाले. त्यांच्या त्या प्रश्नात टोमणा नसतो. सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तसा असतो. म्हणूनच तो पुढे दिवसभर माझ्याबरोबर राहतो.

खाली टकटक थांबली होती. मी खिडकीशी आले.

"सेठ, एक बात बोलूँ?" सलीमभाईंनी जुन्या प्लास्टरचा एक तुकडा हातात घेतला होता. बाहेरची बाजू त्यांनी अंगठ्याने घासली, भुकटी झडली. मग तुकडा उलटा करून पप्पांना दाखवला. "अंदर से देखो, पत्थर है. जिसने लगाया, अच्छा लगाया. ये ऊपर से जला है. एसिड मारा है किसी ने."

"ॲसिड?" पप्पा हसले. "आमचे घरान कोन मारल ॲसिड? त्यानंच मारला आसल, काम झाकाला."

ओसरीच्या पायरीवर मम्मी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी वरून फक्त तिचे हात पाहत होते. तिने ट्रे खाली ठेवला, सावकाश, जणू कुठलाही आवाज आता महाग होता. अकरा वर्षं तीसुद्धा त्या म्हणीवर सगळ्यांबरोबर हसली होती. तिला ठाऊकच नव्हतं.

"ऐकलं का," ती म्हणाली. "ती टाकी... मीच त्या वक्ताला..."

मी जिना उतरले. चपला घालायचं सुचलं नाही. अंगण तापायला लागलं होतं. पूलच्या पायऱ्या उतरताना तळव्यांना तेच लागलं, मांजराची जीभ. तळाशी पोचले तेव्हा लक्षात आलं की इथे, रिकाम्या भिंतींच्या मध्ये, साधा श्वाससुद्धा मोठा ऐकू येतो. वरून पप्पा बघत होते, मम्मी बघत होती. सलीमभाईंच्या हातात तो तुकडा तसाच होता. मी तो घेतला. एका बाजूने खरखरीत, दुसऱ्या बाजूने अजून घट्ट.

मम्मीने पुन्हा तोंड उघडलं. मी हात वर केला, वर्गात कधी केला नव्हता तसा.

"पप्पा, मिस्त्रीकाकांनी मना सांगितलेला," मी म्हणाले, "टाकीला ॲसिड लावायचा न्हाय. मम्मीला म्हाईत नव्हता. मना म्हाईत होता. मीच बोलले न्हाय."